कमलाकांतने सुधारलेला गिअर

शिरगावच्या बंदरावर कमलाकांत मेहेरकडे काही दुरुस्तीला न्यायचं तर माणसाला वेळ काढून जावं लागे. वस्तूला हात लावण्याआधी तो ती बनवणाऱ्याची अक्कल काढी, मग विकणाऱ्याची, मग विकत घेणाऱ्याची आणि सरतेशेवटी ती त्याच्या दारात आणून टाकणाऱ्याची. या कामात त्याला घाई केलेली अजिबात खपत नसे. लोक मुकाट ऐकून घेत, कारण तोंडाचा पट्टा थांबला की वस्तू चालू होई. नवीन माणूस असला तर त्याला वाटे, हा आपल्याशी भांडतोय. जुन्यांना ठाऊक होतं की हे दुरुस्तीतच धरलेलं आहे.

त्याच्या मते जगात दोनच जातीची माणसं होती. एक, ज्यांना यंत्रातलं काही कळत नाही. आणि दुसरी, ज्यांना काही कळत नाही हेसुद्धा कळत नाही. बोटमालक पहिल्यांत मोडत. दुसऱ्यांत कारखान्यातले इंजिनिअर, कंपनीचा शर्ट घालून लॅपटॉपवर बोटीचं इंजिन तपासायला येणारी पोरं, पॉवर प्लांटमधून निवृत्त झालेले सगळे फिटर आणि त्याचा स्वतःचा मुलगा दर्पण.

आता एकसष्टीला आलेला हा माणूस शाळेत चौथीपर्यंतच टिकला. बाप खलाशी. चौदाव्या वर्षी याला वेरावळला एका इंजिन फिटरच्या हाताखाली धाडला, तिथून सात वर्षांनी परत आला तो कसबी हात घेऊन. हात खरंच होता, ते नाकारून चालायचं नाही. त्या काळी बोटींत ट्रकची जुनी इंजिनं बसवत. इंजिन खाली पोटात, आणि सुकाणू धरून तांडेल मागे वर बसलेला. गिअर टाकायचा तर कुणाला तरी खाली उडी मारावी लागे. बंदरात बोट लावताना तांडेल वरून बोंब मारी, खालचा भलतंच ऐकी आणि बोट धक्क्याला जाऊन धडके. कमलाकांतने दांड्या जोडून जोडून खालचा गिअर वर तांडेलच्या हाताशी आणून दिला. त्यात त्याचा एकच नियम होता आणि तो नियम त्याने देवासारखा पाळला. हात फुडं तर बोट फुडं, हात मागं तर बोट मागं. तांडेलला विचार करावा लागला तर फिटर कच्चा, असं तो म्हणे. शिरगावच्या निम्म्या बोटींत आजही त्याच्या हातच्या दांड्या आहेत, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवतोच.

दर्पण बोईसरला एका रंगाची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर होता. तीन वर्षं कंत्राटावर. वय सत्तावीस. पालघरजवळच्या माहीमच्या जागृतीशी त्याचं लग्न ठरल्यासारखं होतं; ठरल्यासारखं अशासाठी, की तिच्या वडिलांनी पोरगा पर्मनंट झाला की तारीख काढू असं गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. या जानेवारीत पाच जण पर्मनंट व्हायचे होते आणि कच्च्या यादीत दर्पणचं नाव चौथं होतं. घरात दुसरा विषय नव्हता. दर्पणची आई पुष्पलता तर यादी लागण्याआधीच हॉलची चौकशी करून आली होती. कमलाकांतला या नोकरीचं काडीचं कौतुक नव्हतं. "बटनं दाबतो," असं तो मुलाच्या कामाचं वर्णन करी. पण यादी कधी लागणार हे रोज विचारी तोच.

त्या कारखान्याचे मोठे साहेब म्हणजे अक्षय देशमाने. साताऱ्याकडचे, पंचेचाळिशीचे, पोट आत ओढून चालणारे. या वयात काही माणसं साखर तपासून घेतात, काही गुरू करतात. देशमान्यांनी गाडी केली. लाल, दोन माणसांची, बूड जमिनीला टेकलेलं, इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे. पस्तीस वर्षं जुनी, इटलीत जन्मलेली शर्यतीच्या थाटाची गाडी, आणि साहेबांनी ती आणली कुठे, तर बोईसरला. टँकर, ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांच्यामधून ती चाले तेव्हा टँकरवाल्याला ती दिसतही नसे. एकेका गतिरोधकावर साहेब गाडी तिरकी करत, श्वास रोखत आणि एकेक चाक उतरवत. तेवढ्यात मागे अर्ध्या बोईसरचे हॉर्न वाजून होत. गाडीचा वेग ताशी सव्वादोनशे म्हणे. साहेबांच्या हातून तो चाळिसावर गेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

एके सकाळी कारखान्याच्या गेटसमोरच त्या गाडीच्या गिअरची काठी ढिली पडली. डाळीत पळी फिरावी तशी ती चौफेर फिरू लागली आणि गाडी जागची हलेना. मुंबईच्या गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, काठीपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी तुटली आहे, सामान इटलीहून येईल, सहा आठवडे. आणि साहेबांचा तर पुढच्या रविवारी मुंबईत जुन्या गाड्यांचा मेळावा होता. नाव नोंदवलेलं, चार लोकांना सांगून झालेलं. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून दर्पण कॅन्टीनमध्ये बोलून गेला की माझे बाबा करतील. बोलल्याक्षणी त्याला पश्चात्ताप झाला, पण तोपर्यंत साहेबांनी टेम्पो मागवलेला होता.

मंगळवारी गाडी शिरगावला उतरली तेव्हा बंदरावरचं सगळं काम थांबलं. कमलाकांत तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि इंजिन मागे बसवणाऱ्याच्या घराण्यापासून त्याने सुरुवात केली. मग साहेबांची पाळी आली. साहेबांनी गिअरच्या काठीवरचा मूळ गोळा काढून तिथे पॉलिश केलेला लाकडी गोळा बसवून घेतला होता, दिसायला छान म्हणून. मूळ गोळ्यावर कुठला गिअर कुठे ते कोरलेलं असतं. लाकडीवर काहीच नव्हतं. पाढ्यांची पाटी पुसून ठेवायची आणि वर तिला तेल लावायचं, अशातली ही हौस, असं कमलाकांत त्यांच्या तोंडावर म्हणाला. साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गमतीदार आहे.

साहेब गेल्यावर तो गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला. जे दिसलं ते अगदी साधं होतं. काठीपासून एक लांब दांडी गाडीच्या पोटाखालून मागे जात होती. सांध्यात बसवलेला प्लास्टिकचा बुश वयाने कुजून त्याचा भुगा झाला होता आणि आधार सुटलेली दांडी टोकाशी मोडली होती. प्लास्टिकचा भुगा त्याने तळहातावर घेऊन जमलेल्या सगळ्यांना दाखवला. एवढ्या किमतीच्या गाडीत हे असलं घालतात, असं म्हणून तो दिवसभर खूश होता.

काम मात्र त्याने मन लावून केलं. बोटीच्या पंख्याच्या दांड्यासाठी आणलेल्या नायलॉनचा तुकडा त्याच्याकडे होता. लेथवर त्यातून नवा बुश काढला, दोनदा जास्त सैल वाटला म्हणून फेकला, तिसऱ्यांदा बसला तो बाटलीला बूच बसावं तसा. दांडीसाठी न गंजणारी सळी कापली, टोक तापवून वाकवलं. तीन दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. हे सगळं इतकं नेटकं झालं की तिथेच थांबला असता तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण तो कमलाकांत. दांडी जोडताना त्याच्या लक्षात आलं की वाटेत एक जाड पट्टी आहे, मधोमध खिळ्यावर फिरणारी. पुढून येणारी दांडी तिच्या वरच्या भोकात, मागे जाणारी खालच्या भोकात. म्हणजे काठी पुढे ढकलली की मागची दांडी मागे जाणार. त्याने हाताने हलवून पाहिलं. काठी डावीकडे घेऊन पुढे लोटली तर रिव्हर्स, मागे ओढली तर पहिला. तो गाडीखालून बाहेर आला आणि जग अखेर आपल्याला सापडलं अशा चेहऱ्याने पुष्पलताकडे बघू लागला. कुणीतरी मूर्खाने पट्टीत दांडी उलटी घातली होती, आणि इतकी वर्षं एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. हात पुढे आणि गाडी मागे! अशी बोट त्याने सोडली असती तर तांडेलने त्याला खाडीत बुडवला असता.

संध्याकाळी शिफ्टवरून आलेल्या दर्पणला त्याने आपला शोध सांगितला. दर्पणने मोबाइल काढला. गाडी उघडण्याआधी त्याने खालून फोटो काढून ठेवला होता. कारखान्यात काहीही खोलण्याआधी फोटो काढायची त्यांना सवय लावलेली असते. फोटोत दांडी खालच्या भोकात होती, आणि ती जागा गंजाने, जुन्या ग्रीसने अशी माखलेली होती की ती इटलीहूनच तशी आली असणार हे आंधळ्यालाही दिसावं.

"कोन्या गाढवानं एकदा घातली म्हनून ती तिथंच असली पायजे काय?" कमलाकांतने विचारलं.

दर्पण म्हणाला, साहेब पहिला गिअर मागे ओढूनच टाकतात, गेटवर उभं राहून मी रोज बघतो. काही जुन्या गाड्यांत तसाच असतो तो.

"मंग साहेबाला सवयच उलटी लागली हाय. ती बी सुधारल."

दर्पणने आणखी एकदा सांगून पाहिलं. त्यावर बटणं दाबणाऱ्यांनी लोखंडाच्या कामात बोलू नये असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. कमलाकांतने मागची दांडी खालच्या भोकातून काढून वर घातली. त्यासाठी सळी पुन्हा तापवून वाकवावी लागली, ती वाकवली. मग अंगणात गाडी चालवून पाहिली. काठी पुढे, गाडी पुढे. काठी मागे, गाडी मागे. बाकीचे गिअर टाकून बघायला जागा नव्हती आणि त्याला गरजही वाटली नाही.

शनिवारी दुपारी साहेब गाडी न्यायला आले. पातळ चामड्याचे हातमोजे घालून आले होते, शिरगावात. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या मागे पुष्पलताच्या बोंबलाच्या वलांडी, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव, ओळीने उभे होते, वरपासून खालपर्यंत भरलेले. शेजारची म्हातारी तानी तिथे बोंबील पलटत होती.

साहेबांना आधी सांगा, असं दर्पणने बापाच्या कानाशी येऊन दोनदा म्हटलं. कमलाकांतने मान हलवली, पण सांगितलं नाही. त्याला सांगायचं नव्हतं असं नाही. साहेब काठीला हात लावतील, चमकतील, हे असं कसं म्हणतील, आणि मग आपण सावकाश सांगू, असं त्याने दोन दिवस मनात रंगवून ठेवलं होतं. आयुष्यभर लोकांची अक्कल काढणाऱ्या माणसाला कधीतरी त्यांच्या तोंडून आपलं कौतुकही ऐकायचं असतं, आणि ते तो असल्या आडवळणाने मागतो.

साहेबांनी गाडी सुरू केली. काठी डावीकडे घेतली आणि पंधरा महिन्यांच्या सवयीने मागे ओढली. ॲक्सिलरेटर दाबला तो मात्र मेळाव्याच्या खुशीत, जरा जास्तच.

गाडी मागे सुटली. पहिली वलांड गेली, दुसरी गेली, तिसरीत अडकून थांबली. सगळीकडे बोंबील आणि बांबू. तानी चहाचा कप घ्यायला दोन पावलं बाजूला झाली होती म्हणून वाचली. नाहीतर ती पहिल्या आणि दुसऱ्या वलांडीच्या मधेच असायची. ती तिथेच खाली बसली. साहेब गाडीतून उतरले तेही पांढरेफटक होऊन.

त्यांनी आधी तानीला पाणी दिलं. मग गाडीकडे न बघता विचारलं, "हे कुणी केलं?"

सगळ्यांनी कमलाकांतकडे पाहिलं. कमलाकांतने गाडीकडे पाहिलं. आणि मग दर्पण पुढे झाला.

"साहेब, मी. बाबांनी बरोबर लावलेली. ते नाक्यावर गेले तेव्हा मी पट्टीत हात घातला."

"ह्यानंच," पुष्पलता लगेच म्हणाली. "फोनमधी बघून बघून करत होता. मी नको नको म्हनत होते."

तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्यावर काही येतंय असं दिसलं की तिच्या तोंडून हे आपोआप निघे, आणि आज समोर स्वतःचा मुलगा उभा आहे हे तिला बोलून झाल्यावर कळलं असावं. साहेबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. कमलाकांत पाना घेऊन गाडीखाली गेला, पट्टी सोडवली, सळी बाहेर काढून तापवून वाकवली, दांडी खालच्या भोकात परत घातली आणि बाहेर आला. साहेब तोवर वाकून त्याच्या हातांकडे बघत होते. मग चेपलेलं बूड घेऊन लाल गाडी निघून गेली.

सोमवारी यादी लागली. त्यात पाच नावं होती आणि दर्पणचं नव्हतं.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. दर्पण जेवेना. मंगळवारी जागृतीच्या वडिलांचा फोन आला आणि तब्येतीपाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी तारखेचं जरा पुढे बघू म्हटलं. कमलाकांत मात्र पेटला होता. एका चेपलेल्या पत्र्याचा राग गरिबाच्या पोरावर काढणारा हा कसला साहेब, हातमोजे घालून फिरणारा? बुधवारी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला आणि कुणाला न विचारता पालघरची एस.टी. पकडली, तिथून बोईसरची. माफी मागायला तो गेला असं पुढे पुष्पलताने आळीत सांगितलं. ते खोटं आहे. तो साहेबाची अक्कल काढायला गेला होता.

गेटवर त्याला तासभर बसवलं. मग एक पिवळी टोपी डोक्यावर ठेवून आत नेलं. ती टोपी काढायचं भान त्याला साहेबांच्या खोलीतही राहिलं नाही आणि तसाच उभा राहून तो सुरू झाला. इटलीवाल्यांपासून सुरू झाला, लाकडी गोळ्यावर आला, मग साहेबांच्या मनाच्या कोतेपणावर. साहेब ऐकत होते. आवाज चढत गेला आणि चढता चढता तो म्हणाला, "चूक माझी, आनि सजा पोराला? हा काय न्याय झाला तुमचा?"

त्याचं वाक्य संपलं आणि त्यालाच ते ऐकू आलं. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा हे शब्द त्याच्या तोंडून निघाले होते, आणि तेही दुसऱ्याला शिव्या देताना.

"चूक तुमची होती हे मला शनिवारीच कळलं, काका," साहेब शांतपणे म्हणाले. "तुम्ही खाली गेलात आणि तुमचा हात न शोधता त्या पट्टीवर गेला. दर्पणला ती पट्टी सोडवताही आली नसती. गाडीसाठी मी त्याचं नाव काढलेलं नाही."

मग कशासाठी, असं कमलाकांतने विचारलं. पण आवाजात आता पूर्वीचा जोर नव्हता.

"तो माझ्याकडे बघून खोटं बोलला म्हणून. वडीलधाऱ्याचं नाव राखायला. उद्या आतमध्ये कुणा सीनिअरने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, तर हा म्हणेल मी उघडला. मी निर्दोष माणसाला घरी पाठवीन, आणि ज्याने चूक केली तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच व्हॉल्व्हपाशी उभा असेल. तिथे बोंबील नाहीत, काका. माणसं आहेत."

कमलाकांतने आजवर शेकडो इंजिनिअरांची अक्कल काढली होती. याची काढायला त्याला काही सापडेना. हातमोजेवाला आपल्या धंद्यात पक्का होता. शनिवारी काय झालं ते दर्पणने खरंखरं लिहून, सही करून आणावं; पुढची यादी जूनमध्ये आहे, तेव्हा बघू, असं साहेबांनी सांगितलं आणि फोन उचलला.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून तो मुलाला शिव्या द्यायचा प्रयत्न करत राहिला. कुणी सांगितलं होतं मधे पडायला? आणि मग, नको असताना, त्याला पुंजारामची बोट आठवली. सोळा वर्षांपूर्वी एडवणच्या किनाऱ्यासमोर तिचं इंजिन जाम झालं, आणि सहा माणसं रात्रभर लाटांवर हेलकावे खात होती. तेलाच्या नळीचा नट याने हाताने फिरवून तसाच ठेवला होता, पाना लावायचा विसरला होता. घरी त्याने कुणाला खोटं बोलायला सांगितलं नाही. तो फक्त गप्प बसला. पुष्पलता आळीभर सांगत फिरली की डिझेलमध्ये पाणी होतं. आणि अकरा वर्षांच्या दर्पणने, ज्याने तो सुटलेला नट स्वतः बोटीत पाहिला होता, पुंजारामच्या तोंडावर सांगितलं की डिझेलमध्ये पाणी होतं. त्या दिवशी याला पोराचा अभिमान वाटला होता. खाऊला पैसे दिले होते. एस.टी. पालघरच्या स्टँडवर लागली तरी कमलाकांत उतरला नाही. कंडक्टरने हलवलं तेव्हा उतरला.

दुसऱ्या दिवशी दर्पणची दुपारची पाळी होती. सकाळी दहाला बापाने त्याला लेथच्या शेजारी स्टुलावर बसवलं, समोर कोरा कागद ठेवला आणि काय लिहायचं ते सांगितलं. दर्पण नाही म्हणाला. साहेबांचा कागद साऱ्या खात्यात फिरतो, तिथे शिरगावची चार पोरं आहेत, संध्याकाळपर्यंत बंदरावर कळेल. पुष्पलताही दारातून तेच म्हणाली, की एवढी वर्षं राखलेलं नाव असं कागदावर मांडायची काय गरज आहे.

"लिही," कमलाकांत म्हणाला.

दर्पणने लिहिलं. बापाने वाचून दाखवायला सांगितलं. माझे वडील श्री. कमलाकांत मेहेर यांच्या नजरचुकीने गाडीच्या पट्टीतली दांडी उलटी बसली, असं पहिलं वाक्य होतं.

"दांडी काय आपली आपन बसते? मी बसवली. आनि नजरचूक खोड. नजर चांगली हाय माझी."

दर्पणने खोडलं. मग कमलाकांत एकेक करून सांगत गेला. मुलाने फोटो दाखवला. मुलाने दोनदा सांगितलं की साहेब पहिला गिअर मागे ओढतात. गाडी देण्याआधी सांगा असंही म्हणाला. ऐकलं नाही. शनिवारी मुलगा खोटं बोलला ते माझ्यासाठी, मी समोर उभा होतो आणि बोलू दिलं. सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, कुणाच्या तरी बिघडलेल्या इंजिनाबद्दल बोलावा तसा, तितकाच कडू. फक्त या वेळी ज्याची अक्कल निघत होती तो तिथेच बसला होता. पुष्पलता दारातून आत आली आणि फळीवरच्या डब्यांना फडका मारत राहिली.

दोनदा सांगितलं इथपर्यंत दर्पणने लिहिलं आणि त्याचा हात थांबला. एवढं नको, बाबा, असं तो म्हणाला. त्याला पुढचं लिहवेना.

कमलाकांतने पेन त्याच्या हातातून घेतलं. चौथीतल्या अक्षरात, एकेक काना जपून ओढत, त्याने उरलेलं स्वतः लिहिलं आणि खाली सही केली. दर्पणने कागद उचलून वाचला. बापाने लिहिलं होतं: मुलगा बरोबर होता. त्याला हे मी कधी सांगितले नाही.